चीनच्या आंतर युद्धकला : तत्त्व आणि कसोटी

चीनमधील कोणत्याही मोठ्या शहरांत पहांटेच्या वेळीं सार्वजनिक बागेंत गेलें, तर एक दृश्य बहुधा दृष्टीस पडतेंच. वीसपंचवीस माणसें, पुष्कळशीं उतारवयाचीं, ओळीनें उभीं राहून अतिशय संथपणें हातपाय हालवीत असतात. हात वर जातो तो पाण्यांतून वर येत असल्यासारखा. पाऊल पडतें तें शेजारीं निजलेलें मूल जागें होऊं नये अशा बेतानें. पाहणारांपैकीं कोणास तो व्यायाम वाटतो, कोणास नृत्य, तर कोणास एक प्रकारची उपासना. परंतु त्या हालचालींचा अर्थ विचारला, तर उत्तर येतें तें ठोसा, लाथ, कोपराचा आघात, मनगटाची पकड असें. ताइची ह्या नांवानें जगभर प्रसिद्ध झालेली ही कला मूळची युद्धकला आहे. मग प्रश्न असा उभा राहतो कीं, एवढ्या मंद गतीनें शिकलेली विद्या हातघाईच्या प्रसंगीं माणसाच्या कामास येते काय? आणि येत असल्यास ती कशाच्या बळावर? हा प्रश्न केवळ परकीयांचा नाहीं. खुद्द चीनमध्यें तो कित्येक पिढ्या विचारला जात आहे, आणि त्याच्या उत्तरासाठीं माणसांनीं हाडेंही मोडून घेतलीं आहेत.

चिनी लोक आपल्या मुष्टियुद्धाच्या पद्धतींचे दोन वर्ग करतात. एकास ‘वाइज्या’ म्हणजे बाहेरचें घराणें म्हणतात, आणि दुसऱ्यास ‘नेइज्या’ म्हणजे आंतलें घराणें. बाह्य घराण्याचें माहेर शाओलिनचा बौद्ध मठ, आणि आंतर घराण्याचें माहेर ताओपंथीयांचा वूदांग पर्वत, अशी समजूत आहे. बाह्य पद्धतींत स्नायूंचें बळ, वेग आणि चापल्य यांना अग्रस्थान. आंतर पद्धतींत मनाची एकाग्रता, श्वास आणि सर्व शरीराची एकजूट यांना. ह्या दुसऱ्या वर्गांत आज मुख्यतः तीन कला मोडतात : ताइचीच्वान, शिंगयीच्वान आणि बाग्वाझांग. विभागणी मोठी सुबक आहे. परंतु तिचा जन्म आखाड्यांत झाला नाहीं, तो एका समाधिलेखांत झाला.

इ. स. १६६९ मध्यें ह्वांग त्सोंगशी नांवाच्या थोर इतिहासकारानें वांग झेंगनान ह्या मल्लाच्या समाधीसाठीं एक लेख लिहिला. आंतर आणि बाह्य हा भेद लेखनांत प्रथम आढळतो तो येथें. शाओलिनची कीर्ति दुसऱ्यावर चालून जाण्यांत आहे, आंतर घराण्याचें कौशल्य मात्र स्थिर राहून चालून येणाऱ्यास जिंकण्यांत आहे, आणि त्याचा आद्य पुरुष वूदांग पर्वतावरील झांग सानफेंग हा होय, असा त्या लेखाचा आशय. वाचणारास हें मल्लविद्येचें विवेचन वाटतें. पण तो काळ लक्षांत घेतला म्हणजे त्याचा दुसरा अर्थ दिसूं लागतो. १६४४ मध्यें मिंग राजवंश कोसळला आणि उत्तरेकडून आलेल्या मांचूंनीं पेकिंगचें, म्हणजे आजच्या बीजिंगचें, सिंहासन घेतलें. ह्वांग त्सोंगशी स्वतः मांचूंविरुद्ध शस्त्र घेऊन लढलेला होता. वांग झेंगनानही पराभूत पक्षाचाच. नव्या राजवटीची चाकरी त्यानें स्वीकारली नाहीं. म्हणून कांहीं इतिहासकार असें म्हणतात कीं, परदेशांतून आलेल्या बौद्ध धर्माचा मठ आणि स्वदेशी ताओपंथाचा पर्वत ही जोडी मांडतांना ह्वांगच्या मनांत मल्लांपेक्षां राज्यकर्ते अधिक होते. बाहेरून आलेला आडदांडपणा शेवटीं घरच्या शांत सामर्थ्यापुढें हरेल, ही एका जित राष्ट्राची आशा त्या लेखांत दडलेली आहे.

ह्या कथेचा एक धागा भारताशींही जुळतो. शाओलिनच्या परंपरेचा आद्य गुरु म्हणून बोधिधर्माचें नांव घेतलें जातें, आणि तो दक्षिण भारतांतून चीनला गेला अशी एक जुनी परंपरा आहे. तथापि त्यानें भिक्षूंना मुष्टियुद्ध शिकविलें ह्या गोष्टीस त्याच्या काळचा आधार नाहीं. ती कथा त्याच्या नंतर हजार वर्षांनीं रचली गेली. तांग हाओ ह्या चिनी संशोधकानें १९३० मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत बोधिधर्म आणि झांग सानफेंग ह्या दोघांच्याही मुष्टियुद्धविषयक कथा निराधार ठरविल्या. वांग झेंगनानची विद्याही फार दिवस टिकली नाहीं. ह्वांगचा मुलगा बाइज्या हा त्याचा शिष्य. त्यानें गुरूची पद्धति लिहून ठेवली, आणि ती पुढें चालविणारा कोणी उरला नाहीं अशी खंतही नोंदवून ठेवली. आजच्या तीन आंतर कलांचा तिच्याशीं अखंड संबंध दाखवितां येत नाहीं. नांव मात्र उरलें, आणि तें पुढें दुसऱ्यांच्या अंगावर चढलें.

तें ज्यांच्या अंगावर चढलें, त्यांचा इतिहास अधिक भरींव आहे. त्याचा आरंभ एका सेनापतीपासून करावा लागतो. सोळाव्या शतकांत चीनच्या किनाऱ्यावर चांच्यांचा मोठा उपद्रव होता. त्यांचा बीमोड करणारा ची जीग्वांग (१५२८–१५८८) हा कसलेला सेनापति. त्यानें आपल्या सैन्यशिक्षणाच्या ग्रंथांत मुष्टियुद्धावर एक प्रकरण लिहिलें, आणि निरनिराळ्या पद्धतींतून निवडलेले ३२ पवित्रे त्यांत सचित्र दिले. रिकाम्या हाताचें हें युद्ध मोठ्या रणांत फारसें उपयोगी नाहीं, हें त्यानें तेथेंच स्पष्ट सांगितलें आहे. मग तें शिकवायचें कशाला? तर हातपाय मोकळे व्हावे, शरीराला सवय लागावी, आणि पुढें भाला, ढाल, तलवार शिकतांना पाया तयार असावा म्हणून. दिसायला सुंदर पण लढतांना निरुपयोगी अशा कवाइतीचा त्याला मनापासून तिटकारा होता.

होनान प्रांतांत वन् परगण्यांत चेन घराण्याचें एक खेडें आहे. ताइचीच्वानचा सर्वांत जुना विश्वसनीय माग येथपर्यंत लागतो. सतराव्या शतकांत त्या घराण्यांतल्या चेन वांगतिंग ह्या पुरुषानें, मिंग राजवट बुडाल्यावर, उतारवयांत ही पद्धति रचली असें मानलें जातें. तांग हाओनें ह्या खेड्यास भेट देऊन कागदपत्रें तपासलीं, तेव्हां त्याला एक विलक्षण गोष्ट आढळली. सेनापति ची याच्या ३२ पवित्र्यांपैकीं २९ चेन घराण्याच्या पद्धतींत आलेले आहेत. पर्वतावरच्या तपस्व्याची देणगी म्हणून जिची ख्याति झाली, त्या कलेचा सांगाडा असा सैनिकाच्या पुस्तकांतून आलेला आहे. त्या सांगाड्यावर चेन मंडळींनीं श्वासाचा अभ्यास आणि पिळदार, मळसूत्री गति यांची भर घातली.

दोन शतकें ही विद्या त्या खेड्याच्या बाहेर फारशी गेली नाहीं. एकोणिसाव्या शतकांत यांग लूछान (१७९९–१८७२) हा बाहेरचा तरुण चेन छांगशिंग याच्याजवळ राहून ती शिकला. पुढें तो पेकिंगला गेला आणि मांचू सरदारांच्या वाड्यांत शिक्षक झाला. राजधानींत नव्या शिक्षकास आव्हान देण्यास कोणाचीही आडकाठी नसे, आणि हरलेल्या शिक्षकास दुसऱ्या दिवशीं शिष्य मिळत नसत. तेथें यांगला ‘अजिंक्य यांग’ हें नांव पडलें. त्याच्या पराक्रमाच्या पुष्कळ गोष्टी दंतकथा असतील. परंतु अशा शहरांत त्यानें आपलें स्थान टिकविलें, ही गोष्ट दंतकथा नव्हे. त्याच्याच गांवचा सुशिक्षित गृहस्थ वू यूश्यांग (१८१२–१८८०) आणि वूचा भाचा ली यीयू ह्यांनीं ह्या कलेवरील छोटीं प्रकरणें जमविलीं व लिहिलीं. चुलीसारखी तापलेली ही देहाची विद्या येथें प्रथम पंडितांच्या हातीं आली, आणि यिन व यांग ह्या द्वंद्वाच्या भाषेंत बोलूं लागली.

शिंगयीचा उगम शान्शी प्रांतांत. बाराव्या शतकांतील प्रसिद्ध सेनापति यूए फेइ याच्याकडे तिचें कर्तृत्व दिलें जातें. पण माग लागतो तो सतराव्या शतकांतल्या जी जिखे याच्यापर्यंत. हा भाल्याच्या विद्येंत निपुण होता, आणि हातांत भाला नसेल तेव्हां काय करावें ह्या विचारांतून त्यानें भाल्याचीच गति मुठीला दिली असें सांगतात. शिंगयीचे पांच मूळ आघात पाहिले कीं ही गोष्ट पटते. चिरणारा, भेदून वर जाणारा, सरळ घुसणारा, तोफेसारखा फुटणारा आणि आडवा, असे ते पांच. धातु, जल, काष्ठ, अग्नि आणि पृथ्वी ह्या पंचतत्त्वांशीं त्यांचा संबंध जोडलेला आहे. ह्या कलेंत माघार नाहीं. प्रतिस्पर्ध्यानें हात उचलतांच त्याच्या मध्यरेषेंत शिरायचें, आणि त्याची जागा आपण घ्यायची.

बाग्वाझांगची रीत याच्या अगदीं उलट. ही कला पेकिंगमध्यें प्रसिद्धीस आणणारा दोंग हायछ्वान (मृत्यु १८८२) हा एका मांचू राजपुत्राच्या वाड्यांत नोकरीस होता. ह्या कलेचा मुख्य अभ्यास म्हणजे वर्तुळांत चालणें. मध्यभागीं शत्रु आहे अशी कल्पना करून साधक तासन्‌तास त्याच्याभोंवतीं फिरतो, आणि चालतां चालतां दिशा व हात बदलतो. समोरून भिडायचें नाहीं. शत्रूच्या बगलेस किंवा पाठीशीं जायचें, हें तिचें सूत्र. ज्यांना आधींच दुसरी एखादी लढण्याची विद्या अवगत आहे त्यांनाच दोंग शिष्य करीत असे, असें परंपरा सांगते. त्याचा चष्मे बनविणारा प्रसिद्ध शिष्य चेंग तिंगह्वा कुस्ती शिकून त्याच्याकडे आला होता. ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. आंतर विद्या ही पहिली इयत्ता नव्हती. झुंज म्हणजे काय हें ज्यास ठाऊक होतें, त्याच्यासाठीं ती वरची इयत्ता होती.

ह्या कलांना रोजची भाकर देणारा धंदा म्हणजे वाटसंरक्षणाचा. शान्शीच्या सावकारांची चांदी, व्यापाऱ्यांचा माल आणि श्रीमंतांचीं कुटुंबें दूरदूरच्या वाटांनीं सुरक्षित पोंचविणाऱ्या पेढ्या उत्तर चीनमध्यें होत्या. शिंगयीचे अनेक नामांकित पुरुष अशा पेढ्यांचे रखवालदार, आणि चेन घराण्यांतील कांहींजणही हेंच काम करीत. वाटेंत दरोडेखोर भेटला तर पवित्रा किती देखणा आहे हें तो पाहत नसे. चुकीची विद्या तेथें आपोआप गळून पडे, बहुधा ती शिकलेल्या माणसासकट.

आतां तत्त्वांकडे वळलें पाहिजे. आंतर कलांविषयीं बोलतांना ‘ची’ म्हणजे प्राण ह्या शब्दाभोंवतीं इतकें धुकें जमतें कीं, त्याखालची साधी गोष्ट दिसेनाशी होते. पहिलें तत्त्व शैथिल्याचें. हें शैथिल्य म्हणजे गळून जाणें नव्हे. माणूस घाबरला किंवा जोर करूं लागला कीं जे स्नायु हवे ते आवळतातच, पण त्यांच्या विरुद्ध ओढणारेही आवळतात; परिणामीं अर्धा जोर स्वतःशींच लढण्यांत खर्च होतो आणि हात मंद होतो. ही निरर्थक आवळ काढून टाकणें हा मंद गतीच्या सरावाचा पहिला हेतु. जलद हालचालींत चूक लपते. सावकाश केलेल्या हालचालींत ती उघडी पडते.

दुसरें तत्त्व एकजुटीचें. चिनी भाषेंत नुसत्या ताकदीला ‘ली’ आणि कमावलेल्या ताकदीला ‘जिन’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ली ही खांद्याची वा दंडाची. जिन ही पायांतून उठून कमरेनें वळवून हातांत आणलेली. जमिनीवर पाय रोवून दिलेला रेटा गुडघा, कटि, पाठ, खांदा ह्या सांध्यांतून न सांडतां मुठीपर्यंत पोंचला, तर लहानशा अंतरांतूनही मोठा आघात होतो. त्यासाठीं शिंगयींत सहा मेळ सांगितले आहेत. खांद्याचा कटीशीं, कोपराचा गुडघ्याशीं, हाताचा पावलाशीं हे तीन बाहेरचे. मनाचा संकल्पाशीं, संकल्पाचा प्राणाशीं, प्राणाचा बळाशीं हे तीन आंतले. ह्या मेळासाठीं शिकाऊ माणसाला महिनोन्‌महिने एकाच पवित्र्यांत निश्चल उभें करीत. लांब, जड भाला धरून त्याचें टोंक कमरेच्या हिसक्यानें थरथरविण्याचा व्यायामही त्याचसाठीं. येथें ‘प्राण’ शब्दाचा व्यवहारांतला अर्थ दिसतो : पोटापर्यंत खोल गेलेला श्वास, स्थिर मन आणि एकत्र आलेलें शरीर यांची जी जाणीव अभ्यासकाला होते, तिला त्यानें दिलेलें तें नांव आहे.

तिसरें तत्त्व स्पर्शाचें, आणि ताइचीचा खरा जीव ह्यांत आहे. दोन माणसें समोरासमोर उभीं राहतात, हाताला हात लावतात, आणि एकमेकांना ढकलून तोल घालविण्याचा सराव करतात. ह्या सरावास ‘तुइशौ’ म्हणतात. त्याचा उद्देश ढकलण्यापेक्षां ऐकण्याचा आहे, हातानें ऐकण्याचा. डोळ्यापेक्षां त्वचेला मिळालेल्या इशाऱ्यास शरीर किंचित् लवकर प्रतिसाद देतें. जुना कुस्तीगीर मान पकडतांच समोरच्याचा पुढचा डाव ओळखतो, त्यांतलाच हा प्रकार. दाब आला कीं त्यास विरोध करायचा नाहीं. पण हात सोडायचाही नाहीं. दाब ज्या दिशेनें आला त्याच दिशेनें त्यास थोडा पुढें जाऊं द्यायचा, आणि ढकलणाऱ्याचा भार त्याच्या पावलांच्या बाहेर गेला कीं त्या क्षणीं बळ लावायचें. तोल सुटलेला माणूस कितीही बलवान असला तरी त्याचें बळ त्याला वांचवूं शकत नाहीं. थोड्या बळानें मोठें बळ वळविण्याची जी ख्याति ताइचीला मिळाली, तिच्यांत चमत्कार नाहीं. तें तराजूचें साधें गणित आहे.

परंतु ह्याच तत्त्वांत ह्या कलेची मर्यादाही आहे. हातानें ऐकायचें तर आधीं हात लागला पाहिजे. हात लागण्यापूर्वीं दोन माणसांत जें अंतर असतें, त्या अंतरांत ठोसे येतात, हुलकावण्या येतात, भीति येते. तें अंतर ओलांडण्याचें शिक्षण तुइशौ देत नाहीं. तें पेकिंगच्या वाड्यांतील आव्हानांनीं, वाटेवरच्या दरोडेखोरांनीं, किंवा आधीं शिकलेल्या कुस्तीनें दिलें होतें. म्हणजे जुन्या आचार्यांच्या यशांत दोन वांटे होते : एक तत्त्वांचा, दुसरा नित्य कसोटीचा. तत्त्वें लिहून ठेवलीं गेलीं. कसोटी लिहून ठेवतां येत नाहीं.

विसावें शतक उजाडलें तें ह्या कलांवर घाव घालीत. १९०० मध्यें बॉक्सर नांवानें ओळखल्या जाणाऱ्या बंडांत मंत्रांनीं देह अभेद्य होतो असें मानणारे तरुण परकीयांच्या बंदुकांपुढें गेले आणि मेले. आठ राष्ट्रांच्या फौजा पेकिंगमध्यें शिरल्या. चेंग तिंगह्वा त्या बंडखोरांपैकीं नव्हता. पण त्या दिवसांतच तो जर्मन सैनिकांच्या गोळीस बळी पडला. बाग्वाचें वर्तुळ शत्रूच्या पाठीशीं नेतें खरें; बंदुकीला पाठ नसते. १९०६ मध्यें पेकिंग ते हांकौ हा रेलमार्ग पुरा झाला. पतपेढ्यांच्या हुंड्या, तारायंत्र आणि आगगाडी आल्यावर चांदीच्या गाड्यांबरोबर पायीं चालणाऱ्या रखवालदाराचें काम संपत गेलें.

मग ह्या विद्येनें जगावें कशासाठीं? ह्याला उत्तर देणारांमध्यें सुन लूतांग (१८६०–१९३३) हा अग्रगण्य. त्यानें शिंगयी ग्वो युनशेनकडे, बाग्वा चेंग तिंगह्वाकडे आणि ताइची हाओ वेइझेनकडे अभ्यासिली, आणि १९१५ पासून एकामागून एक ग्रंथ लिहून तिन्हींचें मूळ तत्त्व एकच असल्याचें प्रतिपादन केलें. आंतर घराणें हें जुनें नांव ह्या तीन कलांना कायमचें चिकटलें तें मुख्यतः ह्या पिढीच्या प्रयत्नांनीं. लढण्याचा धंदा गेला होता. आतां मुष्टियुद्ध हें देह सुदृढ करण्याचें आणि राष्ट्राची मान उंचावण्याचें साधन म्हणून मांडलें जाऊं लागलें.

१९२८ मध्यें नानकिंग येथें सरकारी आश्रयाखालीं ‘राष्ट्रीय कला’ शिकविणारी मध्यवर्ती संस्था निघाली. तिचे शाओलिन आणि वूदांग असे दोन विभाग करण्यांत आले; बाह्य कला पहिल्यांत, आंतर कला दुसऱ्यांत. परिणाम असा झाला कीं, दोन्ही विभागांत श्रेष्ठत्वाचा तंटा माजला आणि त्यांचे प्रमुख वांग त्सीपिंग व गाओ झेनदोंग प्रत्यक्ष एकमेकांशीं भिडले. कांहीं महिन्यांतच ती विभागणी मोडून टाकावी लागली. समाधिलेखांत जन्मलेला भेद पाटीवर लिहितांच माणसें त्याच्यासाठीं भांडूं लागलीं, हें ह्या प्रकरणाचें तात्पर्य.

पुढल्या वर्षीं, नोव्हेंबर १९२९ मध्यें, हांगचौ येथें उंच मंचावर खुल्या झुंजी भरल्या. परीक्षकांमध्यें सुन लूतांगसारखे वृद्ध आचार्य होते. वांग त्सीछिंग पहिला आला, आणि दुसरा आला तो शिंगयीच्या परंपरेंतला चू ग्वोलू. म्हणजे आंतर कला शिकलेला माणूस मंचावर टिकूं शकत नाहीं, हें म्हणणें खोटें ठरलें. तसेंच, आंतर कला शिकली कीं विजय ठरलेलाच, हेंही खोटें ठरलें. मोठमोठीं घराणीं सांगत आलेल्या पुष्कळांची तेथें डाळ शिजली नाहीं.

ह्या कसोटीचा अर्थ ज्यानें सर्वांत निर्भीडपणें ओळखला तो वांग श्यांगझाय. हा ग्वो युनशेनच्या परंपरेंतला शिंगयीचा साधक. त्यानें ठराविक पवित्र्यांच्या माळा, पंचतत्त्वांचें पांडित्य आणि घराण्यांच्या कथा ह्या सर्वांस रजा दिली, आणि निश्चल उभें राहणें, मंद हालचाल व प्रत्यक्ष झुंज एवढेंच ठेवून ‘यीच्वान’ म्हणजे संकल्पाची मूठ ही नवी पद्धति उभी केली. १९४० मध्यें पेकिंगच्या वृत्तपत्रांतून त्यानें सर्व पंथांच्या लोकांना विचारविनिमयासाठीं आणि झुंजीसाठीं जाहीर निमंत्रण दिलें. पुष्कळांना त्याचा राग आला. कारण तो बाहेरच्यांवर नव्हे तर घरच्यांवर टीका करीत होता.

पुढील काळांत कसोटीची जागा हळूहळू कथेनें घेतली. १७ जानेवारी १९५४ रोजीं मकाव येथें ताइचीच्या वू शाखेचा प्रमुख वू गोंगयी आणि श्वेतबक पद्धतीचा तरुण शिक्षक चान हाक-फू यांची झुंज झाली. वू पन्नाशी ओलांडलेला होता. हाँगकाँगच्या आगींत निराधार झालेल्यांसाठीं मदत गोळा करणें हें निमित्त होतें, आणि तिकिटांसाठीं झुंबड उडाली होती. दोन फेऱ्या झाल्या, नाकांतून रक्त आलें, आणि पंचांनीं लढत थांबवून जयपराजय कांहींच जाहीर केला नाहीं. त्या झुंजीचें चित्रण उपलब्ध आहे. ग्रंथांत वर्णिलेलें मृदु, गोलाकार कौशल्य त्यांत शोधूनही फारसें सांपडत नाहीं. दिसतात त्या गडबडीनें फेंकलेल्या मुठी. तरीही तीनच दिवसांनीं हाँगकाँगच्या एका सायंदैनिकांत ल्यांग यूशेंग याची युद्धकलेवरची पहिली क्रमशः कादंबरी सुरू झाली, आणि तेथून अद्‌भुत वीरकथांची लाटच उसळली. मंचावर जें दिसलें नव्हतें तें कागदावर दिसूं लागलें, आणि लोकांना तेंच अधिक आवडलें.

चीनमध्यें १९५६ साली सरकारच्या क्रीडा विभागानें २४ हालचालींची सुलभ ताइची तयार केली. ती शाळांतून, कारखान्यांतून, बागांतून पसरली, आणि तिच्यामुळें कोट्यवधि लोकांना व्यायाम मिळाला. पण तिच्यापासून लढण्याची अपेक्षा करणें म्हणजे कवाइतीच्या पटांगणावर लढाईची वाट पाहण्यासारखें होतें. एप्रिल २०१७ मध्यें छंगदू शहरांत शू श्याओदोंग ह्या मिश्र पद्धतीच्या झुंजाऱ्यानें ताइचीचा आचार्य म्हणविणाऱ्या वेइ लेइ याला कांहीं सेकंदांत खालीं पाडलें. देशभर खळबळ उडाली. परंतु रोष मुख्यतः विजेत्यावरच झाला. ज्या पेकिंगमध्यें एकेकाळीं हरलेल्या शिक्षकाला शिष्य मिळत नसत, त्याच देशांत आतां हरविणारालाच उत्तर द्यावें लागलें. यांग लूछानच्या काळापासून कलेचीं तत्त्वें बदललीं नव्हतीं. बदललें होतें तें तिच्याभोंवतींचें वातावरण.

तथापि ह्यावरून आंतर कला म्हणजे निव्वळ भ्रम असा निष्कर्ष काढणें अन्यायाचें होईल. तोल, शैथिल्य, स्पर्शाची जाणीव आणि सर्व शरीराचें एकत्र बळ ह्या गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या कमावण्याची इतकी बारीक पद्धति दुसरीकडे क्वचितच सांपडते. २०१२ मध्यें कंपवाताच्या १९५ रुग्णांवर झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत २४ आठवड्यांच्या ताइचीनें त्यांचा तोल सुधारलेला आढळला. डिसेंबर २०२० मध्यें युनेस्कोनें ताइचीच्वानची गणना मानवजातीच्या अमूर्त वारशांत केली. जी विद्या एकेकाळीं दुसऱ्याचा तोल घालविण्यासाठीं शिकली जात असे, ती आज स्वतःचा तोल राखण्यासाठीं शिकली जाते. वृद्ध माणसाला न पडूं देणें हाही एक विजयच आहे; आणि तो बहुतेकांच्या आयुष्यांत दरोडेखोराला पाडण्यापेक्षां अधिक वेळां उपयोगी पडतो.

मात्र तो एक विजय आणि लढाईंतला विजय दुसरा, हा विवेक ठेवला पाहिजे. आंतर कलेचें युद्धमूल्य तिच्या नांवांत नाहीं, पर्वतावरच्या तपस्व्यांत नाहीं आणि प्राणाच्या गूढ वर्णनांतही नाहीं. ज्या पिढ्यांनीं तिचीं तत्त्वें विरोध करणाऱ्या, न ऐकणाऱ्या, खरोखर पाडूं पाहणाऱ्या माणसावर वारंवार तपासून पाहिलीं, त्या पिढ्यांच्या हातांत तें मूल्य होतें. ज्यांनीं तपासणें सोडलें, त्यांच्या हातांत आकृति उरली. सेनापति ची जीग्वांगनें मुष्टियुद्धाला सैनिकाचा पाया म्हटलें आणि रणाच्या कामीं तें अपुरें आहे हेंही त्याच प्रकरणांत लिहून ठेवलें, त्यास आतां साडेचारशें वर्षें होऊन गेलीं. ज्या सरळपणें त्यानें आपल्या विद्येची मर्यादा सांगितली तो सरळपणा त्याच्या पवित्र्यांबरोबर चेन खेड्यांत आणि तेथून जगभर गेला असता, तर बागेंतल्या त्या संथ हातांकडे पाहून ही युद्धकला आहे काय असें विचारण्याची पाळी आली नसती.